खोकला सुरू होण्याआधीची यादी: तीव्र न्यूमोनिया कुणाला गाठतो आणि तो घरी कसा ओळखायचा

साखर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, ही यादी हातात हवी. गावात, वाडीवर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांच्या (पाचटाच्या झोपड्यांच्या) तळावर कोणत्या घरात न्यूमोनिया शिरला तर तो भारी पडेल, त्याची ही यादी. खोकला सुरू झाल्यावर ती करायला वेळ मिळत नाही. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीची माणसं आणि घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असलेलं कुणीही, यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मुलूख सातारा-सांगलीचा धरला आहे.

आधी आत काय घडतं ते बघू. फुफ्फुसात द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. न्यूमोनियात त्यांतल्या काही फुग्यांत पू आणि पाणी भरतं आणि तेवढ्या जागेतून रक्तात ऑक्सिजन जायचा थांबतो. हा तोटा भरून काढायला शरीर पहिल्यांदा श्वासाचा वेग वाढवतं. तेवढ्यानं भागलं नाही की जोर लावतं: बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हायला लागतं. तेही पुरेनासं झालं की ते थकतं. आधी वेग, मग जोर, मग थकवा. थकलेलं बाळ शांत दिसतं आणि घरचे म्हणतात, "आत्ता डोळा लागलाय, उठवू नका." सगळ्यात जास्त घात इथंच होतो.

जुनी माणसं याला ‘डबा झाला’ म्हणतात, ‘पोट उडतंय’ म्हणतात. निरीक्षण अचूक आहे, पोट उडतंच. पण आजार छातीत असतो, पोट नुसतं ओढाताणीत सामील झालेलं असतं. त्यावर बिब्बा लावून किंवा डाग देऊन फुफ्फुसातलं पाणी हटत नाही. वर भाजल्याची जखम होते आणि दवाखान्यात पोचायला एक दिवस उशीर होतो, तो वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं दगावली. त्या वयातल्या सगळ्या मृत्यूंपैकी हे १४ टक्के. आपल्याकडे केंद्र सरकारनं त्याच वर्षी मुलांच्या न्यूमोनियाविरुद्ध ‘साँस’ मोहीम सुरू केली. दरवर्षी १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी असा तिचा काळ असतो. आपल्या भागात ऊसतोडीचा भरही साधारण तेव्हाच असतो. योगायोग खरा, पण यादी करायला सोयीचा.

धोका कुणाला, आणि किती पटीनं

न्यूमोकोकस नावाचा जंतू कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकाघशात बसून असतो. हिब नावाचा दुसरा जंतू, फ्लूचे विषाणू, आरएसव्ही हा तान्ह्यांची छाती धरणारा विषाणू, हेही गावात फिरतच असतात. एकाच अंगणवाडीतल्या वीस पोरांना सर्दी होते, अठरा जणांची आठवड्यात जाते, एखाद्याची छाती भरते आणि एखाद्याला ऑक्सिजन लावावा लागतो. हा फरक बहुतेकदा जंतूपेक्षा मुलाच्या जन्मवजनात, खाण्यात, लसीत आणि घरात सापडतो.

पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या तीव्र न्यूमोनियासारख्या आजारांवर जगभर झालेल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले आकडे ढोबळमानानं असे: वयाच्या मानानं वजन कमी असलेल्या मुलाला धोका सुमारे साडेचारपट, जन्मवजन अडीच किलोच्या आत असलेल्याला तिपटीच्या थोडा वर, पहिले महिने निव्वळ आईचं दूध न मिळालेल्याला दोन-सव्वादोनपट, एका घरात सातहून अधिक माणसं असतील तर दुपटीच्या जवळ, लसीकरण अर्धवट असेल तर पावणेदोनपटीच्या पुढे, आणि घरात चुलीचा धूर असेल तर दीडपट.

हे पट वाचताना एक गफलत हमखास होते. धूर शेवटी आला म्हणून तो किरकोळ ठरत नाही. साडेचारपट धोका असलेली मुलं गावात पाच असतील आणि दीडपट धोका असलेली साठ, तर एकूण आजारपणात साठांचा वाटा मोठा निघू शकतो. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. उद्या कुणाच्या घरी आधी जायचं? तिथं मोठा पट बघा. ग्रामपंचायतीचा पैसा कशावर घालायचा? तिथं घरांची संख्या बघा. आणि एकाच मुलाच्या नावापुढे दोन-तीन गोष्टी जमल्या, म्हणजे जन्माला दोन किलोचं, आई ऊसतोडीला, वर कोपीत चूल, तर ते नाव यादीत सगळ्यात वर घ्या.

धुराबद्दल आणखी थोडं, कारण त्यावर घोषणा फार होतात. ग्वाटेमालात धुराडं असलेल्या चुली देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एकूण न्यूमोनिया ठळकपणे घटला नाही, पण ऑक्सिजन खाली जाणारा तीव्र प्रकार सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला. पुढे तमिळनाडूसह चार देशांत गरोदर बायकांना मोफत गॅस देऊन मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२४ मध्ये आले. त्यात तान्ह्यांचा तीव्र न्यूमोनिया लक्षणीय कमी झालेला दिसला नाही. गॅस घ्यायलाच हवा. आईच्या डोळ्यांसाठी, फुफ्फुसासाठी, सरपणाच्या कष्टासाठी तो हवाच. पण गॅस आला म्हणजे बाळाचा न्यूमोनिया टळला असं धरून लस आणि वजन यांकडे दुर्लक्ष करू नका.

यादी कशी करायची

शंभर पानी वही घ्या. घराचा क्रम, बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मवजन, आजचं वजन, दंडाचा घेर, लसी, दूध, चूल कुठे, आई दिवसा कुठे असते, आणि आधी छातीसाठी कधी दाखल केलं होतं का. एवढे रकाने पुरतात. घरातल्या पासष्टीपुढच्या आणि आजारी मोठ्या माणसांसाठी मागच्या पानावर वेगळी यादी करा, ती पुढे येतेच.

जन्मवजन विचारू नका, माता-बाल संरक्षण कार्डावर बघा. तोंडी सांगितलेलं वजन बहुतेकदा ‘अडीच’ असतं. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा मोजायचा: डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर तीव्र कुपोषण (पट्टीवर लाल), ११.५ ते १२.५ मध्यम (पिवळा), त्यापुढे हिरवा. पट्टी आवळली की हिरवं मूल पिवळ्यात जातं, आणि स्वेटरच्या बाहीवरून मोजली की लाल मूल हिरव्यात. दुसरी चूक जास्त घातकी.

लसींत चार गोष्टी तपासा. पेंटा, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, ६, १० आणि १४ आठवड्यांना. तिच्यातच हिबची लस असते. न्यूमोकोकलची म्हणजे पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना आणि बूस्टर ९ व्या महिन्यात. ही सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आली आणि २०२१ पासून देशभर. गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. गोवराचा न्यूमोनियाशी काय संबंध असं विचारतात. गोवरात मुलं दगावतात ती बरीचशी त्यानंतरच्या न्यूमोनियानं. आणि नवव्या महिन्यापासून जीवनसत्त्व अ. पीसीव्हीचा नवव्या महिन्याचा बूस्टर सर्वांत जास्त राहून जातो, कारण १४ आठवड्यांनंतर मधे मोठी फट असते आणि तेवढ्यात आई माहेराहून सासरी परतलेली असते.

आता नावापुढे लाल पेनानं गोल करा: वय दोन महिन्यांच्या आत, जन्मवजन अडीच किलोच्या आत किंवा दिवस भरण्याआधी जन्म, दंड लाल किंवा पिवळा, एखादी लस राहिलेली, सहा महिन्यांच्या आत वरचं दूध, हृदयाला छिद्र किंवा दुसरा जन्मजात आजार, आधी न्यूमोनियासाठी दाखल केलेलं. ही काही अधिकृत गुणपद्धत नाही, कामाची खूण आहे. एक गोल असेल तर थंडी सुरू होताना एकदा भेट. दोन किंवा जास्त असतील तर महिन्यातून दोनदा जा, आणि त्या घरात श्वास मोजायला शिकवूनच बाहेर पडा.

आपल्याकडच्या खास जागा

कोप्यांचा तळ आधी. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे उसाच्या फडात जातात, त्यामुळे सकाळी दहाला तळावर गेलं तर म्हातारी माणसं आणि थोरली भावंडंच भेटतात. दिवेलागणीला जा. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, कुटुंबांची नावं घ्या, पण पोरं स्वतः मोजा. उचल, म्हणजे आगाऊ दिलेली मजुरी, मोठ्या माणसांच्या नावावर असते, मुकादमाच्या वहीत तान्ही मुलं नसतात. लस कुठल्याही गावच्या बाळाला कुठल्याही उपकेंद्रात मिळते, हे सांगा. कार्ड मूळ गावी राहिलं असेल तर तिथून मोबाइलवर फोटो मागवा. कोपी पाचटाची आणि आत चूल, असं असेल तर आगीचाही धोका असतो. चूल कोपीबाहेर आडोशाला न्यायला सांगताना हे कारण पुढे करा, ते लगेच पटतं.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या पश्चिमेला पावसाळा लांबतो, कपडे वाळत नाहीत, दारं-खिडक्या बंद करून चुलीभोवती सगळं घर बसतं. तिथं यादी दिवाळीची वाट न बघता मृगाआधी करावी लागते. माण, खटाव, आटपाडी, जतेत गर्दी कमी, पण दवाखान्याचं अंतर जास्त. तिथं यादीत ‘रात्री गाडी कुणाची’ हा रकाना वाढवा. कृष्णेला पूर आला, २०१९ आणि २०२१ सारखी शाळांतून माणसं ठेवावी लागली, तर गोवराची लस न घेतलेली मुलं पहिल्याच दिवशी शोधा. वसतिगृहांचं प्रकरण वेगळं. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा पाचगणीच्या एका निवासी शाळेत तो पसरला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्या साथीचा अभ्यास केला. एका खोलीत ओळीनं खाटा असल्या की असंच होतं. खाटा डोक्याला डोकं न लावता आलटून-पालटून, एकाचं डोकं तिथं दुसऱ्याचे पाय, अशा लावा आणि तापाचं मूल त्याच रात्री वेगळं झोपवा.

आता बाळंतिणीची खोली. इथं सल्ला देणं नाजूक, कारण सगळं प्रेमापोटी चाललेलं असतं. खिडकीला चादर लावलेली असते, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, ऊद, आणि न्हाऊ घातलेलं बाळ धुरीवर धरलेलं. त्या वेळी त्या खोलीत कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी बाळाच्या नाकात जात असते. आजीला ‘धुरी बंद’ म्हटलं तर ती तुम्हाला बंद करेल. त्यापेक्षा असं सुचवा: धुरी बाळ खोलीत नसताना द्या, कपडे-दुपटी धुरावर धरा, धूर गेला की बाळ आणा. ऊब हवी तर बाळ आईच्या छातीला उघड्या अंगानं लावून वरून पांघरूण घाला. कमी वजनाच्या बाळाला याहून चांगली ऊब नाही. अंघोळीनंतर नाकात तेलाचे थेंब सोडणं मात्र ठाम थांबवा. ते तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं, तिथून निघत नाही आणि स्वतःच न्यूमोनिया करतं. गुटीतला मधही वर्षाच्या आत नको.

श्वास मोजणं, ज्वारीच्या दाण्यांनी

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, हे काम झालेल्या गावांत मुलांचा न्यूमोनियानं होणारा मृत्युदर हजारी ८.१ होता, इतर गावांत १७.५. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यांनी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं मोजणी-यंत्रही केलं होतं. तीच युक्ती घरी दाण्यांवर चालते.

वाटीत ज्वारीचे सहा दाणे घ्या. बाळ शांत हवं: झोपलेलं किंवा कडेवर निवांत. रडताना, दूध पिताना मोजलेला आकडा फुकट. ताप चढलेला असेल तर आधी तापाचं औषध द्या, अर्ध्या-पाऊण तासानं मोजा. पण बाळाची बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर थांबत बसू नका. अंगरखा वर करून छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत अंग उघडं करा, उजेड बाजूनं येऊ द्या. पोट वर आलं की एक. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. दहा श्वास झाले की एक दाणा वाटीबाहेर.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ: सहा दाणे बाहेर आले, म्हणजे ६० किंवा जास्त, तर वेगवान. दोन महिने ते वर्षाच्या आतलं: पाच दाणे, ५०. एक ते पाच वर्षं: चार दाणे, ४०.

पंधरा सेकंद मोजून चारानं गुणण्याचा शॉर्टकट तान्ह्यांत फसतो. त्यांचा श्वास एकसुरी नसतो. थोडा वेळ भरभर, मग एक थांबा, मग पुन्हा. भरभर तुकडा हाती लागला तर चांगलं बाळ आजारी ठरतं, थांबा हाती लागला तर आजारी बाळ सुटतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एक मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही आला तर निघा.

वेगानंतर ओढ. बाळ श्वास आत घेताना छातीच्या सर्वांत खालच्या बरगड्यांखालचा भाग आत जातो का ते बघा. साधारणपणे श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. नुसती गळ्याखालची खळगी किंवा बरगड्यांच्या मधली कातडी हलली तर ती ही खूण नाही. आणि मूल कमरेत वाकलेलं असेल तर ओढ दिसतच नाही, त्याला सरळ आडवं करा. स्वेटरवर स्वेटर, कानटोपी आणि वर शाल अशा गाठोड्यात ना वेग दिसतो ना ओढ. घरचे ‘थंडी लागू नये म्हणून’ गुंडाळतात आणि त्या गुंडाळीखाली आजार दोन दिवस वाढतो.

यातलं काहीही दिसलं तर वेळ पहाटेची असो, सणाची असो, दवाखाना गाठायचा: दूध किंवा पाणी पिता न येणं, प्यायलेलं सगळं ओकणं, झटके, उठवून न उठणं, शांत असतानाही श्वास आत घेताना घरघर आवाज, बरगड्यांखाली ओढ, ओठ किंवा जीभ निळसर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे नियम याहून कडक: दूध नीट न ओढणं, अंग गार पडणं किंवा ताप, हालचाल मंदावणं, श्वास ६० किंवा जास्त, यांपैकी एक पुरे. एवढ्या लहानाला खोकला येईलच असं नाही. ‘खोकला नाही, म्हणजे छाती साफ’ हा हिशेब त्याला लागू नाही. आणि निळेपणा ही उशिराची खूण आहे, तिची वाट बघायची नाही.

निघेपर्यंतचा तास

१०८ ला फोन करा, आणि त्याच वेळी गावातली गाडीही तयार ठेवा. जी आधी येईल ती. आशाताईंच्या पेटीत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक असतं, पाठवण्याआधीचा पहिला डोस त्या वजनाप्रमाणे देऊ शकतात. बाळ गिळत असेल तरच. आई छातीशी उभं धरून बसेल, तोंड-नाक उघडं, पाठीवर पांघरूण. दूध ओढत असेल तर थोडं-थोडं पाजत राहा. धाप लागलेल्या बाळाला चमच्यानं बळेच काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. कार्ड, वजनाचा आकडा, श्वासाचा आकडा आणि मोजल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून बरोबर द्या. ‘खूप धाप लागलीय’ यापेक्षा ‘सात महिने, ६.१ किलो, ६४, रात्री नऊला’ यानं पुढच्या डॉक्टरचं काम निम्मं होतं.

उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून साताऱ्याचं किंवा सांगली-मिरजेचं सिव्हिल, अशी साखळी असते. पण ओढ आणि न पिणं दोन्ही असेल तर फोनवर आधी विचारा: ऑक्सिजन आणि मुलांचे डॉक्टर आत्ता कुठे आहेत? थेट तिकडेच जा. प्रत्येक मधला थांबा अर्धा-पाऊण तास खातो.

गडबड कुठे होते ते थोडक्यात. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पाजणं. पाच दिवसांचा कोर्स ताप उतरला म्हणून दुसऱ्या दिवशी सोडणं. खोकला दाबायचं औषध. सर्दी-खोकल्याच्या क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिन मिश्रणावर चार वर्षांच्या आत देऊ नये असा इशारा छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं आहे. वाफेचं पातेलं बाळाजवळ ठेवणं. त्यानं न्यूमोनिया जात नाही, पोरं भाजतात. आणि रॉकेल-डिझेल प्यायलेल्या मुलाला उलटी काढायला लावणं. वर येताना तेच फुफ्फुसात शिरतं, म्हणून उलटी न काढता तसंच न्या.

घरीच औषध चालू असेल तर दोन दिवसांत पुन्हा दाखवा. श्वास कमी झाला नसेल किंवा ओढ सुरू झाली असेल, तर औषध बदलायचं की दाखल करायचं ते डॉक्टर ठरवतील.

मागच्या पानावरची यादी: म्हातारी आणि मोठी माणसं

पासष्टीच्या पुढचे, दमा किंवा वर्षानुवर्षं विडी ओढून छाती खराब झालेले, चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका, ज्यांनी विडीला कधी हात लावला नाही तरी फुफ्फुस तसंच झालेलं असतं, साखर, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे रुग्ण, रोज दारू पिणारे, स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, एचआयव्हीबाधित, आणि अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळलेले. यांची नावं घ्या.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. पहिली खूण बरेचदा डोक्याची असते: काल ओळखणारी आजी आज मुलाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारते, जेवण नको म्हणते, उठताना कोलमडते. घरचे म्हणतात वयानं होतं. अचानक झालं असेल तर वयानं होत नाही, श्वास मोजा. डॉक्टर चार प्रश्नांचा एक साधा हिशेब वापरतात, प्रत्येकाला एक गुण: नव्यानं आलेला गोंधळ, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा कमी, वय ६५ किंवा पुढे. शून्य आला तर घरी औषध चालू शकतं, एक-दोन असेल तर दवाखान्यात तपासून ठरवायचं, तीन-चार असेल तर तातडीनं मोठ्या रुग्णालयात. वयाचा एक गुण आधीच पदरात असतो, हे लक्षात ठेवा.

कोविडनंतर घरोघर ऑक्सिमीटर आहे, तो नीट वापरा. बोट गरम हवं, मेंदी-नेलपॉलिश नको, क्लिप लावून अर्धा ते एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. ९४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली असेल तर थेट ऑक्सिजनची सोय असलेली जागा. सावळ्या कातडीवर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून ९४-९५ वर माणूस धापा टाकत असेल तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको. महाबळेश्वरच्या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा एखाद-दोननं खाली असतो. मोठ्यांची क्लिप तान्ह्याच्या बोटाला लावून आलेला आकडा कुठेच लिहू नका.

अंथरुणावरच्या माणसाचा न्यूमोनिया बराचसा भरवण्यातून येतो. आडवं ठेवून पातळ पेज तोंडात सोडली की ती निम्मी चुकीच्या नळीत जाते. पाठीला तक्के लावून पूर्ण बसतं करा, हनुवटी थोडी खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या. रोज दोनदा तोंड पुसा, कवळी रात्री काढा. तोंडातली घाणच छातीत उतरते. दारू पिऊन पडलेल्याला उताणं न ठेवता कुशीवर वळवा, कारण तेच.

या यादीतल्यांना फ्लूची लस दरवर्षी, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणालाही असेल तर थुंकीची तपासणी आधी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. क्षयाला न्यूमोनिया समजून तीन-तीन वेळा अँटिबायोटिक दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

दाखल होऊन घरी आलेल्या मुलाचं नाव यादीतून खोडू नका, त्याला आणखी एक गोल वाढवा. पुढचे काही आठवडे त्याचं वजन दर आठवड्याला, आणि राहिलेली लस बरं वाटल्याबरोबर. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या एका रात्रीत उठतात, म्हणून मार्चमध्येच तळावर शेवटची फेरी मारा. प्रत्येक कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये आहे का बघा, पुढच्या लसीची तारीख कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि जमलं तर त्या गावच्या आशाताईंचा नंबर त्याच्या खाली.